कॅबिनेटमधला करंट

झटका तसा काही मोठा नव्हता. चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात छत्तीस वर्षं विजेची देखभाल करताना उमाकांतने याच्या दसपट झटके खाल्ले होते आणि हात झटकून लगेच चहा प्यायला होता. पण हा झटका त्याला नव्हे, त्याच्या बायकोला, जयवंतीला लागला. सकाळी टेबल पुसता पुसता कॉम्प्युटरच्या काळ्या लोखंडी कॅबिनेटवरूनही ओलं फडकं फिरवायचं, ही तिची जुनी सवय. विसरण्याच्या आजारात बाकी सगळं एकेक करून गेलं, ही सवय तेवढी राहिली. अड्यारला समुद्राचा वारा येतो म्हणून लोक हौसेनं घर घेतात, पण तोच वारा लोखंड खातो हे घर विकणारा सांगत नाही. कॅबिनेटचा तळ गंजून पापड झाला होता, आणि भिंतीतल्या प्लगची अर्थिंगची तार कधी सैल झाली होती देव जाणे. ओल्या फडक्यातून करंट आला, जयवंती किंचाळली, आणि त्यानंतर पंधरा दिवस ती त्या टेबलाकडे फिरकली नाही. उमाकांतच्याही जवळ येत नव्हती. त्याने पान वाढलं की ताट उचलून ती दाराजवळच्या खुर्चीत जाऊन बसायची, आणि जेवताना मधूनच मान वर करून तो कुठे उभा आहे ते पाहून घ्यायची.

सैल तार त्याने त्याच दुपारी आवळली. म्हणजे खरं पाहता करंट त्याच दिवशी संपला होता. ही गोष्ट मात्र त्याने कुणाला सांगितली नाही. संध्याकाळी समोरच्या फ्लॅटमधल्या हेमावतीबाई दारात उभ्या राहिल्या. त्या तंजावरकडच्या; त्यांचं मराठी तीनशे वर्षांपूर्वी घर सोडून इकडे आलेलं, वाटेत तमिळशी सोयरीक करून बसलेलं. एरवी त्यांचं बोलणं ऐकून उमाकांतला मनातल्या मनात हसू यायचं. त्या दिवशी आलं नाही. "जयवंती आमच्याकडे येऊन बसली होती की," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "तुम्ही मारलांत म्हणून सांगती. मी अस्क, सगळें, ऐकून घेतलें, बोललें कांही नाहीं. पण रुचाला एक फोन केलें. चुकीं समजूं नोकों हो."

"अहो, करंट लागला तिला," उमाकांत म्हणाला. "कॅबिनेटमध्ये करंट येत होता. आता तिला काय कळतंय कुणी मारलं ते." हे तो इतक्या घाईने म्हणाला की त्याचं त्यालाच ते पाठ केल्यासारखं वाटलं. हेमावतीबाईंनी मान हलवली, "असेल, असेल. सेरि, येतें," म्हणाल्या, आणि जाता जाता त्यांची नजर त्याच्या उजव्या हातावरून गेली. निदान त्याला तरी तसं वाटलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

मग रुचाचा फोन. ती त्यांची एकुलती एक मुलगी, राहायला अण्णा नगरला, नोकरी नुंगंबाक्कमच्या एका बँकेत. जन्म इथला, शाळा इथली, त्यामुळे तिचं मराठी घरापुरतं, पण जे विचारायचं ते ती नेमकं विचारते. "बाबा, आई म्हणते तुम्ही तिला मारलं. खरं सांगा, मी चिडणार नाही." त्याने पुन्हा तेच सांगितलं. कॅबिनेट गंजलंय, करंट येतो, बदलून टाकतो, की झालं. रुचाने ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पुढच्याच्या पुढच्या शनिवारी मी येते. आई कॉम्प्युटरपुढच्या त्या खुर्चीत पुन्हा बसली तर ठीक आहे. नाहीतर मी तिला माझ्याकडे घेऊन जाणार. मग तुम्ही काही बोलायचं नाही." उमाकांत बरं म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपल्याला जे सिद्ध करायचं आहे ते आता एका पत्र्याच्या डब्यावर येऊन ठेपलं आहे.

त्या खुर्चीचं असं होतं. जयवंती अठ्ठावीस वर्षं केंद्रीय शाळेत गणित शिकवायची. घरी कॉम्प्युटर आला तेव्हापासून तिने प्रश्नपत्रिका त्याच्यावरच टाइप केल्या. निवृत्तीनंतर आजार सुरू झाला, पहिल्यांदा गॅस विसरला, मग रस्ते, मग सकाळ की संध्याकाळ तेही. तरी रोज दहा वाजता ती त्या खुर्चीत येऊन बसायची आणि प्रश्नपत्रिका टाइप करायची. एकूण गुण ऐंशी. खालीलपैकी कोणतेही चार सोडवा. एका टाकीला दोन नळ आहेत, पहिला नळ तीन तासांत टाकी भरतो, आणि पुढे काही नाही, पुन्हा एका टाकीला दोन नळ आहेत. ते दोन तास ती शांत असायची, आणि ते दोन तास उमाकांत अंघोळ, बाजार, स्वयंपाक, आणि कधी कधी नुसतं बाल्कनीत बसणं उरकून घ्यायचा. खुर्ची सुटल्यापासून ती दिवसभर घरात फिरत होती, दाराची कडी ओढत होती, उमाकांत जवळ गेला की कडी सोडून भिंतीला चिकटत होती.

नवं कॅबिनेट आणायला तो रिची स्ट्रीटला गेला, तेव्हा दुकानातल्या माणसाने जुनं सामान घेऊन या सर, अर्ध्या तासात आम्ही नव्यात बसवून देतो, असं हसत सांगितलं. उमाकांतला ते अर्ध्या तासाचं हसणं आवडलं नाही. त्याने पांढरं कॅबिनेट निवडलं, मुद्दाम पांढरं, काळ्याशी कुठेही नातं न सांगणारं, आणि ते मांडीवर घेऊन रिक्षातून घरी आला. वाटेत त्याला वाटत होतं की आपण हे जयवंतीसाठी आणलं. अड्यारचा पूल ओलांडताना त्याला वाटलं की नाही, रुचासाठी. तिने येऊन बघावं, एवढा जुनापुराणा गंजका पत्रा, त्यानेच सगळं केलं असणार, आणि तिने तो पत्रा बघून समाधान मानावं. बदलायला कॅबिनेट झालंच होतं, त्यात खोटं काही नव्हतं. खोटं बोलायला खरी वस्तूच लागते, हे त्याला सदुसष्टाव्या वर्षी कळलं.

शनिवारी सकाळी त्याने जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली. त्याच्या कारखान्यात एक नियम होता: कुठलंही पॅनेल एकट्याने उघडायचं नाही. दोघं लागतात. एकाने कागदावरची पायरी मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने तेवढीच करायची आणि ‘झालं’ म्हणायचं. ‘झालं’ ऐकल्याशिवाय वाचणाऱ्याने पुढची पायरी वाचायची नाही, आणि वाचल्याशिवाय करणाऱ्याने बोट हलवायचं नाही. वाचणाऱ्याने हात लावायचा नाही, करणाऱ्याने कागदाकडे बघायचं नाही. हा नियम उमाकांतच्या अंगात इतका मुरला होता की घरातला पंखा उतरवतानाही त्याला वाचणारा लागायचा, आणि तो वाचणारा म्हणजे जयवंती. बारा वर्षांपूर्वी हा कॉम्प्युटर सुटे भाग आणून त्याने घरीच जोडला तेव्हाही तीच वाचायला होती. त्याने लिहिलेल्या पायऱ्यांमधल्या शुद्धलेखनाच्या चुका तिने आधी लाल पेन्सिलने दुरुस्त केल्या, दहापैकी साडेपाच गुण दिले, आणि मग वाचायला सुरुवात केली. स्क्रू ठेवायला तिने इडलीपात्र आणून दिलं. प्रत्येक खळग्यात एका जागचे स्क्रू. गावाकडे आमच्या मिरजेच्या घरात हे कुणाला सुचलं नसतं, असं तो म्हणाला, आणि ती म्हणाली, मिरजेच्या घरात इडल्या कुठे होतात.

या खेपेला वाचायला कोण? हेमावतीबाईंना मराठी वाचता येत नव्हतं. रुचा दुपारी चारला येणार होती. एकट्याने करता आलं असतं, एवढं काही अवघड काम नव्हतं, पण नुसता स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला तरी त्याला उघड्यावर आल्यासारखं वाटू लागलं. मग त्याने अठरा पायऱ्या ठळक अक्षरात रेघांच्या कागदावर लिहिल्या आणि तो कागद दाराजवळच्या खुर्चीत बसलेल्या जयवंतीपुढे, हात पुरेल तेवढ्या अंतरावरून, धरला. वाचता तिला अजून यायचं. अर्थ डोक्यात थांबत नसे, पण अक्षरं समोर आली की तिचा आवाज शाळेतला होई, खणखणीत, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "वाचतेस का?" त्याने विचारलं. तिने कागद घेतला. त्याच्या हाताला हात लागू न देता, टोकाला धरून घेतला. "एक," ती म्हणाली. "मेन स्विच बंद करा. प्लग भिंतीतून काढा."

"झालं."

"दोन. सुरू करण्याचे बटण दहा सेकंद दाबून ठेवा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल." तिने चष्म्यावरून पाहिलं. "‘म्हणजे’च्या आधी स्वल्पविराम दिलात. बरं आहे." चार वर्षांत ती त्याला बरं आहे म्हणाली नव्हती. त्याने बटण दाबून मनात दहापर्यंत आकडे म्हटले आणि झालं म्हणाला, आणि ती तीन म्हणाली, आणि चार म्हणाली, आणि घरात कितीतरी दिवसांनी दोन माणसं एकमेकांशी बोलत असल्यासारखा आवाज भरला. त्याने खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली. चेन्नईच्या दमट हवेत स्थिर वीज कुठली उरायला, पण कागदावर होतं म्हणजे होतं. जुन्या कॅबिनेटची बाजू उघडली तसा भुरभुरीत गंज चादरीवर सांडला. वरच्या पत्र्यावर गेल्या आयुधपूजेला लावलेलं चंदनाचं आणि कुंकवाचं बोट अजून होतं. त्याने प्रत्येक वायरला दोरा बांधून चिठ्ठी लावली, हार्ड डिस्क काढून टॉवेलवर ठेवली, बारीक वायरी नखाने हलकेच सोडवल्या. बोर्डाचे नऊ स्क्रू इडलीपात्राच्या एका खळग्यात गेले. काही स्क्रू गंजून बसले होते. त्यांच्यावर थेंबभर तेल सोडून थांबायचं, जबरदस्ती करायची नाही. जबरदस्ती केली की डोकं झिजतं आणि मग तो स्क्रू कधीच निघत नाही. हे तो नव्या पोरांना शिकवायचा. कारखान्यात उमाकांत म्हणजे सावकाश कामाचा दाखला होता. त्याचा आवाज कुणी चढलेला ऐकला नव्हता.

"आठ," जयवंती म्हणाली. "बोर्ड दोन्ही हातांनी कडेला धरून बाहेर काढा. मधल्या भागाला स्पर्श करू नका." त्याने तो हिरवा बोर्ड अलगद उचलला. त्याच्यावर प्रोसेसर, पंखा, मेमरीच्या पट्ट्या सगळं जागच्या जागी होतं, फक्त अंगावरचं घर तेवढं गेलं होतं. बारा वर्षांची धूळ ब्रशने काढताना त्याच्या मनात आलं की आपल्या घरात एवढीच एक गोष्ट अशी आहे जी जुन्यातून काढून नव्यात ठेवली तर जशीच्या तशी चालू होईल. डॉक्टरीणबाईंनी स्कॅन दाखवला होता तेव्हा जयवंतीच्या मेंदूतली कोरी जागा त्याने पाहिली होती. तो त्यांना विचारणार होता की याचं काही बदलता येतं का. विचारलं नाही, त्या हसतील म्हणून नव्हे, हसणार नाहीत म्हणून.

"नऊ. नव्या पेटीच्या मागच्या खिडकीत पत्र्याची पट्टी आतून दाबून बसवा."

"झालं."

"अकरा," जयवंती म्हणाली. "बोर्ड नव्या पेटीत आडवा ठेवा."

त्याच्या हातांनी बोर्ड उचललाही. वाचलं की करायचं, एवढंच त्या हातांना ठाऊक. पांढऱ्या पेटीच्या तळावर, उघड्या पत्र्यापासून चार बोटांवर बोर्ड आणल्यावर तो थबकला. दहाव्या पायरीत पितळेचे नऊ छोटे खांब होते. ते आधी पत्र्यात पिळून बसवायचे आणि बोर्ड त्यांच्यावर टेकवायचा, म्हणजे बोर्डाची पाठ लोखंडाला लागत नाही. लागली तर वीज सोडताक्षणी बोर्ड मेला. कॉम्प्युटर गेला म्हणजे खुर्ची गेली, आणि खुर्ची गेली म्हणजे रुचाने काय सांगितलंय ते त्याला ठाऊक होतं. त्याने बोर्ड परत चादरीवर ठेवला आणि म्हणाला, "दहा राहिलं."

"वाचलं मी."

"नाही वाचलंस. नऊनंतर अकरा वाचलंस."

"वाचलं," ती म्हणाली. "मी वर्गात कधी प्रश्न गाळत नाही."

"अगं, हे बघ ना, इथं..." असं म्हणत कागदावरची ओळ दाखवायला त्याने हात पुढे केला. नुसतं बोट दाखवायला. जयवंतीने कागद तोंडापुढे धरला आणि त्याच्याआड डोळे मिटून घेतले. अठरा पायऱ्यांचा तो रेघांचा कागद, आणि त्याच्या वरून दिसणारे तिचे पांढरे केस. उमाकांतचा हात हवेत राहिला. तो खाली घ्यायलाही त्याला भीती वाटली, की खाली येणारा हात पाहून ती आणखी आक्रसेल.

त्या दिवशी तो अर्धी दाढी झालेली असताना न्हाणीघरातून धावत आला होता. जयवंती टेबलाशी उभी, हातात ओलं फडकं, आणि ती ओरडत होती, तरीही पुन्हा पुन्हा त्याच पत्र्याला हात लावत होती, जणू कोण चावतंय ते तिला बघायचं होतं. करंट लागलेल्या माणसाला धरायचं नसतं. धरलं तर दोघं अडकतात. फटका मारून त्याला बाजूला करायचं, हे कारखान्यात पहिल्याच आठवड्यात शिकवतात. त्याने तिच्या मनगटावर फटका मारला. फडकं उडालं, हात सुटला. त्याने स्विच बंद केला, प्लग ओढून काढला. सगळं नियमाने. हा फटका त्याने नंतर मनात शंभर वेळा तपासला होता आणि त्यात त्याला खोट सापडली नव्हती. रुचाने विचारलं तेव्हा तो हा फटका तरी सांगू शकला असता. पण एक सांगितला की पुढचा सांगावा लागतो, म्हणून त्याने तोही सांगितला नाही. कारण प्लग काढून तो वळला तेव्हा जयवंतीने जमिनीवरचं फडकं उचललं होतं आणि ती पुन्हा त्याच कॅबिनेटवरून, त्याच ओल्या फडक्याने, काही झालंच नाही अशी हात फिरवत होती. प्लग त्याच्या हातात होता. कॅबिनेट मेलेलं होतं. तिला कशापासूनही वाचवायचं नव्हतं. आणि उमाकांतने तिच्या गालावर मारलं, सगळी ताकद लावून, हात मागे नेऊन. चार वर्षांच्या रात्री, दारं, पाण्याचे नळ, तेच तेच प्रश्न, सगळं त्या हातात आलं होतं असं पुढे म्हणता येईल. तेव्हा तसं काहीही वाटलं नव्हतं. तेव्हा फक्त राग होता, आणि मारल्यावर एक क्षण, खरं सांगायचं तर, त्याला बरं वाटलं होतं. अंगावरचं ओझं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं मोकळं वाटलं होतं. त्या बऱ्या वाटण्यापाशी आला की तो पंधरा दिवस परत फिरत होता. जयवंती गालाला हात लावून म्हणाली होती, "चुकलं माझं." लहान मुलं मास्तरांना म्हणतात तसं. मग ती चपला न घालता हेमावतीबाईंकडे गेली होती. दिवसभराचं सोडा, पाच मिनिटांपूर्वीचंही जिच्या डोक्यात टिकत नाही, तिने हे पंधरा दिवस ठेवलं होतं.

"बरोबर आहे तुझं," उमाकांत म्हणाला. "वाचलंस तू. माझंच लक्ष नव्हतं." हात त्याने हळूच पाठीमागे नेला आणि तिथेच ठेवला. कागद जरा खाली आला. मग तो टेबलाकडे वळला आणि छत्तीस वर्षांत पहिल्यांदा, कुणी न वाचलेली पायरी त्याने केली. नऊ पितळी खांब एकेक करून पिळले, बोटाने हलवून पाहिले, आणि पुटपुटल्यासारखं आपलं आपणच झालं म्हणाला. "अकरा," मागून जयवंतीचा आवाज आला, आता पुन्हा शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. पुढच्या पायऱ्या तिने नीट वाचल्या. स्क्रू कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपे आवळा, एकदम आवळू नका. हार्ड डिस्क सरकवा. चिठ्ठ्या पाहून वायरी जोडा, जोडून झाली की चिठ्ठी काढा. अठरावी वाचून झाल्यावर तिने कागदाची चार घड्यांची घडी केली आणि परकराच्या नाडीत खोचली.

पंख्याचा आवाज आला, पडदा उजळला. उमाकांतने टेस्टरचं टोक पांढऱ्या पत्र्यावर चार ठिकाणी टेकवलं. दिवा लागला नाही. मग त्याने फडकं ओलं केलं आणि सगळं कॅबिनेट स्वतः पुसलं, वरून, बाजूने, मागून, आणि तळवा त्याच्यावर ठेवून बाजूला उभा राहिला. "बघ," तो म्हणाला. "काही नाही आता." असं म्हणून तो चार पावलं मागे सरकला, कारण तो तिथे उभा असेपर्यंत ती येणार नाही हे त्याला कळलं होतं. आणि खरंच, तो बाल्कनीच्या दारापर्यंत गेल्यावर जयवंती उठली. सावकाश आली, फडकं उचललं, पांढऱ्या पत्र्यावरून फिरवलं. बोट लावलं, मग सगळा हात लावला. करंटची भीती तिला नव्हतीच. करंट ती त्याच सकाळी विसरली होती. खुर्ची ओढून ती बसली आणि टाइप करू लागली. एकूण गुण ऐंशी.

उमाकांत पंधरा मिनिटं बाल्कनीच्या दारात उभा राहिला. जिंकल्याचा आनंद कुठून तरी येईल अशी वाट बघत राहिला. मग तिला तहान लागली असेल म्हणून पाण्याचा पेला घेऊन, पाय न वाजवता, बाजूने जाऊन त्याने पेला टेबलावर ठेवला, आणि पेला ठेवणारा हात डोळ्याच्या कोपऱ्यात दिसताच जयवंतीने मान खांद्यात घेतली आणि दोन्ही हात डोक्यावर धरले. तो पेला ठेवून मागे गेला. थोड्या वेळाने हात खाली आले आणि टाइप करण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. हे कुणीही पाहिलं नव्हतं.

चार वाजता रुचा आली. दारातूनच तिने आईला खुर्चीत बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावरचं पंधरा दिवसांचं सगळं उतरलं. चादरीवरचा गंज, इडलीपात्रात उरलेले जुने स्क्रू, कोपऱ्यात उलथून ठेवलेलं काळं कॅबिनेट, सगळं तिने पाहिलं. काळ्या कॅबिनेटच्या तळाला बोट लावताच पत्र्याचा तुकडा तिच्या हातात आला. "शी, किती सडलंय हे," ती म्हणाली. "बाबा, मी तुम्हाला काय काय बोलले फोनवर. मला झोप नव्हती. सॉरी हं, बाबा." तिने पुढे होऊन त्याच्या दंडाला धरलं. उजव्या.

आता काहीच करायची गरज नव्हती. कॉफी करायची होती. फिल्टरमध्ये डिकॉक्शन तयार होतं. "रुचा," उमाकांत म्हणाला, "मी मारलं तिला." रुचाचा हात दंडावर तसाच होता. "करंट लागला होता, ते खरं. पहिला फटका हातावर मारला, तो तिला सोडवायला. दुसरा गालावर मारला. तेव्हा प्लग काढलेला होता. माझ्याच हातात होता."

रुचाने हात काढून घेतला. तिने काही विचारावं असं त्याला वाटत होतं. का मारलं असं विचारलं असतं तर चार वर्षांचं सांगता आलं असतं, आणि सांगता सांगता ते थोडं कमीही करता आलं असतं. तिने विचारलं नाही. मग ती आत गेली आणि कपाटावरची बॅग काढल्याचा आवाज आला. तो दारापर्यंत गेला. "गोळ्या डाव्या खणात आहेत," तो म्हणाला. "रात्रीची अर्धी द्यायची. पाण्याबरोबर नाही घेत ती, ताकाबरोबर दे." रुचा डोळे पुसत साड्या भरत होती. "किती दिवस, ते विचारू नका बाबा," ती म्हणाली. "मला माहीत नाही."

"हे पण ने," तो म्हणाला. "दहा वाजता बसायला लागतं तिला."

त्याने प्लग काढला, बटण दहा सेकंद दाबलं, वायरी सोडवल्या. खाली गाडीच्या डिकीत पडदा आणि कीबोर्ड ठेवून मागच्या सीटवर त्याने पांढरं कॅबिनेट ठेवून त्याला पट्टा लावला. जयवंती त्याच्याशेजारी बसली. पलीकडच्या बाजूने पट्टा लावून द्यायला रुचा वाकली होती. काच खाली होती. "हे आपल्याबरोबर येणार नाहीत ना?" जयवंतीने रुचाला हळू आवाजात विचारलं. रुचा नाही म्हणाली. जयवंतीने मान मागे टेकली, चपला काढून पाय वर घेतले आणि नव्या पत्र्यावर हात ठेवून ऐसपैस बसली. उमाकांतने बाहेरून दार नीट लागलंय ना ते दाबून पाहिलं आणि बाजूला झाला.